वरचं जंगल, खालचा नळ : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कोपऱ्यात चार ओळींची एक बातमी टाकली होती. अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावर आर्च केप नावाची एक चिमुकली वस्ती आहे, तिथल्या पाणीपुरवठा मंडळाने २०२२ मध्ये आपल्या ओढ्यांच्या वरचं साधारण १,५०० एकर जंगल विकत घेतलं, बस्स, एवढीच बातमी. मला वाटलं कोणी वाचणारही नाही, पण त्या चार ओळींवर जेवढी पत्रं आलीयत तेवढी आमच्या मुखपृष्ठकथेवर पण नाही आली. सारखे प्रश्न एकत्र केलेत. दोन पत्रांत मला चांगलंच झापलंय, ती मुद्दाम घेतलीयत.

प्रश्न : पाणीपुरवठा मंडळाचं काम पाइप आणि टाक्या सांभाळायचं. त्यांनी जंगल कशाला विकत घ्यायचं? वनखातं असतं ना त्यासाठी?

असतं, पण सगळं जंगल वनखात्याचं नसतं, तिथेच गोची आहे. आर्च केपला घरं काहीशेच, दोन छोट्या ओढ्यांतून पाणी उचलायचं, शुद्ध करायचं, नळाला सोडायचं. आणि त्या किनाऱ्यावर ओढ्यांच्या वरच्या डोंगरावर बहुतेक ठिकाणी लाकडासाठी वाढवलेलं खासगी जंगल असतं, म्हणजे एक प्रकारची शेतीच म्हणा, चाळीसेक वर्षं झाडं वाढवायची, मग पट्टाच्या पट्टा साफ तोडायचा, परत लावायचा. यात बेकायदा काही नाही, ज्याची जमीन त्याची झाडं. पण खाली जो नळ उघडतो त्याला विचारतं कोण? तोड कधी आहे, ट्रकचा रस्ता कुठून काढणार, तणनाशक कोणत्या महिन्यात फवारणार, हे त्याला कळतं तेव्हा ओढा आधीच चहाच्या रंगाचा झालेला असतो. जमीन विकत घेतल्याने त्या मंडळाला मिळालं काय तर वरच्या कामाला "नाही" म्हणायचा हक्क. आणि एवढ्याशा वस्तीला एवढी जमीन स्वतःच्या पैशाने झेपणार नव्हतीच, मोठा वाटा सरकारी वनसंवर्धन निधीतून आला.

आता "लोकांच्या मालकीचं जंगल" म्हटलं की सगळीकडे एकच अर्थ होत नाही हे पण सांगून टाकतो. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात न्यूइंग्टन गावाचं जंगल १७१० पासून गावाचं आहे, सरळसरळ गावाच्या नावावर. कॅलिफोर्नियातल्या आर्काटा शहराने १९५५ मध्ये रेडवुडचं जंगल "शहराचं जंगल" म्हणून जाहीर केलं, त्या राज्यातलं अशा प्रकारचं पहिलं. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये जमीन सरकारचीच राहते पण १९९८ पासून गावांना, सहकारी संस्थांना दीर्घ मुदतीचा व्यवस्थापनाचा हक्क मिळतो. नेपाळमध्ये १९९३ च्या वन कायद्याने उपभोक्ता समूहांना जंगल सोपवलं, आज असे २२ हजारांहून जास्त समूह आहेत, तिथेही जमीन सरकारचीच. भारतात २००६ चा वनहक्क कायदा आहे, त्याखाली गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. म्हणजे सातबाऱ्यावर नाव कोणाचं यापेक्षा तोडीचा, रस्त्याचा, चराईचा निर्णय कोणाच्या सहीने होतो हे बघायचं.

प्रश्न : झाडं लावली की पाणी वाढतं हे शाळेपासून शिकतोय. मग वरच्या डोंगरावर झपाटून झाडं लावली की काम झालं, विकत घ्यायची भानगड कशाला?

या प्रश्नाची मी वाटच बघत होतो, आणि याचं उत्तर बऱ्याच जणांना आवडणार नाही. झाड पाणी पितं हो. मुळांनी खेचतं आणि पानांतून हवेत सोडतं, शिवाय पावसाचा काही भाग पानांवरच अडकून तिथेच वाळून जातो. त्यामुळे उघड्या किंवा गवताच्या जमिनीवर जंगल उभं केलं तर ओढ्याला वर्षभरात मिळणारं एकूण पाणी बहुतेक वेळा कमी होतं, वाढत नाही. हे जगभरात जोड्या लावून केलेल्या प्रयोगांत, म्हणजे शेजारी शेजारी दोन पाणलोट घ्यायचे, एक तसाच ठेवायचा आणि दुसऱ्यात तोड किंवा लागवड करायची आणि वर्षानुवर्षं ओढे मोजायचे, अशा प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलंय.

मग जंगल करतं काय? जंगल पाण्याची रीत बदलतं. पालापाचोळ्याचा थर, मुळांनी, गांडुळांनी पोखरलेली भुसभुशीत माती, यामुळे पाऊस जमिनीवरून धावत सुटण्याऐवजी आत मुरतो आणि सावकाश बाहेर येतो. माती जागेवर राहते. म्हणजे जंगलाचा खरा फायदा पाणी स्वच्छ आणि जरा समजूतदार होण्यात आहे, आणि शहराच्या नळाला हाच फायदा जास्त लागतो, कारण चार दिवसांत आलेला लोंढा तुम्ही साठवणार कुठे. काही ठिकाणी अपवाद पण आहेत, धुक्याच्या पट्ट्यातली जंगलं खरोखर जास्तीचं पाणी मिळवतात, कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या रेडवुडच्या जंगलात अभ्यास झालाय, तिथे वर्षभराच्या पाण्यातला साधारण एक तृतीयांश हिस्सा पानांवर धुकं अडकून खाली ठिबकण्यातून येतो. झाड काढलं तर ते धुकं नुसतंच पुढे निघून जाईल.

आणि आता खरी मजा. सगळी झाडं सारखं पाणी पीत नाहीत, वयाचा फार फरक पडतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहराचं पाणी ज्या डोंगरांतून येतं तिथे माउंटन ॲश म्हणून निलगिरीची अवाढव्य उंच वाढणारी जात आहे. १९३९ च्या वणव्यात तिथलं बरंच जुनं जंगल जळालं आणि त्याजागी दाट नवं जंगल उगवलं. सगळ्यांना बरं वाटलं. पण हे तरुण जंगल इतकं पाणी प्यायला लागलं की पंचवीस-तीस वर्षांनी काही ओढ्यांचं पाणी जवळपास निम्म्यावर आलं, आणि ते पूर्ववत व्हायला शंभर-दीडशे वर्षं लागतील असा तिथल्या जलशास्त्रज्ञांचा हिशोब आहे. ओरेगॉनमध्ये एच. जे. अँड्र्यूज नावाच्या प्रायोगिक जंगलात हेच दुसऱ्या अंगाने दिसलं, ३४ ते ४३ वर्षं वयाच्या लावलेल्या डग्लस फरच्या पाणलोटात उन्हाळ्यातला प्रवाह हा दीडशे ते पाचशे वर्षं जुन्या जंगलाच्या पाणलोटापेक्षा सरासरी ५० टक्के कमी. उन्हाळ्यातला! म्हणजे नेमकं नळाला पाणी हवं असतं तेव्हा.

म्हणून जुनं जंगल हातचं जाऊ न देणं हे नव्या लागवडीपेक्षा कितीतरी मोलाचं, आणि ते जाऊ द्यायचं नसेल तर हातात हक्क हवा. विकत घ्यायची भानगड त्यासाठी.

उलटं उदाहरण पण देऊनच टाकतो, म्हणजे झाडवाले आणि झाडविरोधी दोघंही मला सारखेच शिव्या घालतील. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या धरणांच्या वरचं मूळ झुडुपी रान म्हणजे फिनबोस, त्यात बाहेरून आलेले पाइन, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभळी घुसल्या आणि पाणी पिऊन बसल्या. तिथे १९९५ पासून सरकारी कार्यक्रमात हजारो लोकांना रोजगार देऊन ही झाडं तोडली जातात, पाण्यासाठी. त्यामुळे डोंगरावर मुळात काय होतं हे न विचारता झाडं लावत सुटायचं हे मला तरी पटत नाही.

प्रश्न : मी पस्तीस वर्षं जलशुद्धीकरण केंद्रावर काढली. तुमच्यासारखे लेखक जंगलाचं कौतुक करतात आणि केंद्र चालवणारा माणूस अडाणी ठरतो. पाणी शुद्ध होतं ते तुरटी, फिल्टर आणि क्लोरीनने, पाचोळ्याने नाही. हे छापायची हिंमत दाखवा.

छापलं बघा. आणि तुमचं बरंचसं मान्य आहे. जंगलातलं पाणी आपोआप पिण्याजोगं असतं हा समज धोक्याचाच आहे. ओरेगॉनमधल्याच पोर्टलंडचं उदाहरण घ्या, त्या शहराला बुल रन नावाच्या बंदिस्त जंगली खोऱ्यातून पाणी येतं, इतकं चांगलं की वर्षानुवर्षं फिल्टरच नव्हता. २०१७ मध्ये त्या पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी सापडला, जो क्लोरीनला दाद देत नाही आणि जंगली जनावरांच्या विष्ठेतूनही येऊ शकतो. या परजीवीसाठी वेगळी प्रक्रिया न करण्याची शहराला मिळालेली सूट रद्द झाली, फिल्टर केंद्र उभारायची पाळी आली. जंगल काही कमी झालं नव्हतं.

पण आता दुसरी बाजू तुम्हीच तुमच्या अनुभवाने तपासा. अमेरिकेतल्याच मिलवॉकी शहरात १९९३ मध्ये फिल्टर होता, क्लोरीन होतं, सगळं होतं, आणि तरी त्याच परजीवीने सुमारे चार लाख लोक आजारी पडले, कारण तळ्यातून आलेलं पाणी बिघडलं आणि केंद्राला ते पेललं नाही, बाहेर जाणाऱ्या पाण्याचा गढूळपणा वाढला. तुम्ही रात्रपाळी केलीय, तुम्हाला माहितीय की पाच एनटीयूचं (एनटीयू म्हणजे गढूळपणा मोजायचं एकक) पाणी येणं आणि पहिल्या पावसात तेच अचानक पाचशे-हजार एनटीयूवर जाणं यात काय फरक असतो. तुरटीचा डोस दर तासाला बदला, फिल्टर तुंबतो म्हणून बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून तो धुणं, परत परत, त्या बॅकवॉशमध्ये चांगलं पाणी वाया, गाळ टाकायचा कुठे तो वेगळाच ताप. त्यात पाचोळा-मातीतलं सेंद्रिय जास्त विरघळून आलं तर क्लोरीनशी मिळून ट्रायहॅलोमिथेनसारखी तब्येतीला अपायकारक संयुगं तयार होतात, म्हणजे जास्त क्लोरीन टाकून सुटायची वाट पण बंद. वरचं जंगल धड असेल तर ही रात्र वर्षातून कमी वेळा येते. तुमच्या हातात येणारा कच्चा माल बरा असतो, एवढंच माझं म्हणणं, बाकी केंद्र तर लागणारच.

न्यूयॉर्कची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते आणि नेहमी अर्धीच सांगितली जाते. ९० लाखांच्या आसपास लोक, रोज साधारण ४०० कोटी लिटर पाणी, त्यातलं ९० टक्के कॅट्सकिल आणि डेलावेअर खोऱ्यांतून. १९८९ च्या केंद्रीय नियमाने जमिनीवरून येणारं पाणी फिल्टर करणं बंधनकारक झालं, आणि या शहरासाठी केंद्र बांधायचा अंदाज निघाला सहा ते आठ अब्ज डॉलर. शहराने सांगितलं की आम्ही त्याऐवजी खोरंच सांभाळतो, आणि १९९७ मध्ये वरच्या गावांबरोबर करार झाला. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं असं की क्लोरीन चालूच आहे, शिवाय अतिनील किरणांचं एक अवाढव्य केंद्र पण त्यांनी उभारलं, आणि क्रोटन नावाची त्यांची जुनी जवळची व्यवस्था, जिच्या आजूबाजूला वस्ती वाढली, तिला मात्र फिल्टर बसवावाच लागला. तर जंगल आणि केंद्र ही भांडण लावायची जोडी नाहीये, आणि तुम्हाला अडाणी कोणीच म्हणत नाहीये, उलट अशी जमीन घेणाऱ्या प्रत्येक समितीवर केंद्र चालवणारा एक माणूस सक्तीने हवा असं मला वाटतं, कारण ओढ्याचा गढूळपणा कुठल्या पावसाला किती चढतो हे फक्त त्यालाच तोंडपाठ असतं.

जाता जाता, एका वाचकाने विचारलंय की जंगल १० टक्के वाढलं की शुद्धीकरणाचा खर्च २० टक्के उतरतो हे खरं का. तो आकडा २७ अमेरिकन पाणीपुरवठा संस्थांच्या एका पाहणीतला आहे, आणि तोही जंगलाचं प्रमाण साठेक टक्क्यांपर्यंत असेल तिथवरचा. सत्तावीस संस्थांवरून जगाचा नियम काढू नका. जिथे जंगल जास्त तिथे शेती, खतं, वस्ती कमी असते, त्यामुळे नक्की कशाने खर्च उतरला हे वेगळं काढणं अवघड आहे.

प्रश्न : एकदा गावाचं झालं की मग एकाही झाडाला हात लावायचा नाही ना?

ते गावावर आहे. आर्काटा शहर आपल्या जंगलात तोड करतं, निवडक करतं, १९७९ मध्ये मतदान घेऊन त्याची चौकट ठरवली आणि लाकडाचे पैसे जंगलाची देखभाल, पायवाटा, आणखी जमीन घेणं याला वापरतात. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या कूटने तलावाकाठी हॅरप आणि प्रॉक्टर या दोन वस्त्यांची सहकारी संस्था आहे, तिथले लोक डोंगरातल्या ओढ्यांतून थेट पाणी घेतात, म्हणून बाहेरच्या कोणी तोडण्याआधी त्यांनीच जंगलाचा हक्क मागून घेतला, तोड करतात पण पाण्याला सांभाळून, आणि स्वतःची आरागिरणीही चालवतात. ओरेगॉनमध्येच ॲस्टोरिया शहराने पाणलोटातली तोड कमी ठेवून कार्बन क्रेडिट, म्हणजे झाडांत कार्बन साठवून ठेवल्याबद्दल मिळणारी श्रेयं, विकली. काही जण तर काहीच तोडत नाहीत. सगळे मार्ग चालतात.

पण तोडीपेक्षा मला ज्या गोष्टीवर बोलायचंय ती कोणीच विचारली नाही, ती म्हणजे रस्ता. लोक झाडं मोजतात आणि गाळ येतो रस्त्यातून. डोंगराच्या उताराला आडवा कच्चा रस्ता काढला की तो वरून येणारं पाणी अडवतो, चाकोऱ्यांतून गोळा करतो आणि जिथे ओढा ओलांडतो तिथे सगळी माती घेऊन आत ओततो. रस्त्याखालून पाणी जायची मोरी छोटी असेल तर फांद्या-पाचोळ्याने तुंबते, मग पाणी रस्त्यावरून वाहतं आणि एका रात्रीत भराव निघून जातो, मोरीसकट. झाड तोडल्यावर बुंधा आणि मुळं काही वर्षं तरी माती धरून असतात, रस्ता मात्र पहिल्या पावसापासून गळायला लागतो आणि तोडवाले निघून गेल्यावर वीस-तीस वर्षं गळतच राहतो, कारण सांभाळायला कोणी नसतं. त्यामुळे एखाद्या गावाने जंगल घेतलं की पहिल्या दोन-तीन वर्षांचं काम फोटो काढण्यासारखं नसतंच मुळी, जुने रस्ते कुठे कुठे आहेत त्याचा नकाशा करा, नको असलेले उकरून बंद करा, हवे असलेल्यांना तिरके चर काढून पाणी ठिकठिकाणी रानात सोडा, मोऱ्या मोठ्या करा, पावसाआधी आणि पावसात जाऊन साफ करा. वृक्षारोपणाला शंभर माणसं येतील, मोरी साफ करायला चारच येतात. त्या चौघांवर पाणी अवलंबून असतं.

प्रश्न : वणवा लागला तर? सगळा पैसा एका दिवसात धुरात.

भीती बरोबर आहे, आणि धुरापेक्षा नंतरचा पाऊस वाईट. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये डेन्व्हर शहराच्या पाणलोटात १९९६ मध्ये बफेलो क्रीकचा वणवा झाला, दोन महिन्यांत त्या जळक्या उतारावर जोराचा पाऊस पडला आणि राख-माती-दगड थेट धरणात. २००२ मध्ये हेमनचा वणवा, तो तर १ लाख ३८ हजार एकरांचा. दोन्ही मिळून गाळ काढणं, पाणी शुद्ध करणं, उतार सावरणं यावर तिथल्या पाणीपुरवठा संस्थेने अडीच कोटी डॉलरहून जास्त खर्च केला, आणि तेव्हा कुठे शहाणपण येऊन २०१० पासून वनखात्याबरोबर मिळून आगीआधीच विरळणीवर पैसे घालायला लागले.

दाट वाढलेली बारकी झाडं काढणं, जाळरेषा, काही प्रकारच्या जंगलात ठरवून लावलेली हलकी आग, हे उपाय आहेत, पण प्रत्येक जंगलाला नाहीत. ओल्या, थंड, शेकडो वर्षांतून एखाद्याच वेळी जळणाऱ्या जंगलात विरळणी करून उलट ऊन-वारा आत सोडाल. आधी आपल्या जंगलाची आगीची सवय काय ते विचारा. आणि सगळं पाणी एकाच ओढ्यावर ठेवू नका, विहीर, बोअर, शेजारच्या व्यवस्थेशी जोड, काहीतरी दुसरं हाताशी हवंच.

प्रश्न : आम्ही वरचे. खालच्या शहराने पाण्यासाठी जंगल राखायचं ठरवलं की आमची गुरं बंद, लाकूडफाटा बंद, रस्ता बंद. पाणी त्यांचं, बंधन आमच्यावर. यावर तुम्ही मागच्या अंकात एक शब्द लिहिला नाही.

नाही लिहिला, चूक माझीच. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

न्यूयॉर्कची अर्धी गोष्ट म्हणालो ना, तिचा आणखी एक राहिलेला भाग तुमच्या बाजूचा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशोकन जलाशयासाठी कॅट्सकिलमधली गावंच्या गावं उठवली, साधारण दोन हजार माणसं हलवली, थडगीसुद्धा उकरून दुसरीकडे नेली. त्यामुळे नव्वदच्या दशकात शहराचे लोक परत नियमांचा कागद घेऊन आले तेव्हा वरच्या गावांनी सरळ नकार दिला, कोर्टकचेरीची तयारी केली. करार झाला तो त्या भांडणातून. त्यात लिहिलंय की शहर जमीन फक्त खुशीने विकणाऱ्याकडूनच घेईल, जबरदस्तीने संपादन नाही. शेतकऱ्यांसाठी वेगळी योजना, शेतकऱ्यांच्याच संस्थेने चालवायची, शेणाचे खड्डे, ओढ्याकाठी कुंपण, गुरांना पाण्याची वेगळी सोय, आणि याचा खर्च शहराचा. गावांची सांडपाण्याची केंद्रं सुधारायची, तीही शहराच्या पैशाने. तरी कुरबुरी आहेत, शहर जमिनी घेत गेलं की गावाला वाढायला जागा उरत नाही ही तक्रार आजही होते आणि मला ती रास्त वाटते.

नेपाळमध्ये धुलीखेल शहर वरच्या भूमीडांडा गावाच्या हद्दीतून पाणी आणतं आणि त्या गावाला त्याबद्दल दरसाल पैसे देतं, दोघांत ठरवून. इक्वेडोरमध्ये क्विटो शहराने २००० मध्ये पाण्यासाठी कायमचा निधी काढला, पाणीपुरवठा कंपनीच्या उत्पन्नाचा दोन टक्के हिस्सा त्यात जातो आणि तो वरच्या डोंगराळ भागात खर्च होतो. (तिथलं वरचं रान बरंचसं गवताळ आहे, जंगल नाही, पण तिथली माती पाणी धरते म्हणून तेच राखतात.) तुमच्या जागी मी असतो तर पैशाआधी एक गोष्ट मागितली असती, समितीत मत. सल्लागार म्हणून खुर्ची नाही, मत. एलिनॉर ऑस्ट्रॉम, २००९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलवाल्या, त्यांनी जगभरातल्या सामाईक जंगलं, कालवे, चराऊ रानांच्या व्यवस्था अभ्यासल्या आणि टिकलेल्यांमध्ये वारंवार दिसलेली खूण हीच, ज्यांच्यावर नियम लागतो त्यांचा नियम करण्यात हात असतो. आणि व्यवहाराचंच बोलायचं तर चोरटी तोड, वणव्याचा पहिला धूर, तुंबलेली मोरी हे सगळ्यात आधी तुम्हालाच दिसतं. तुम्हाला दुखावून शहराचं पाणी सुरक्षित कसं राहणार ते मला समजत नाही.

प्रश्न : लोकांना फिरायला आत सोडावं का? कुत्री, सायकली?

मेलबर्न सोडत नाही, दीड लाख हेक्टरहून जास्त पाणलोट शंभराहून जास्त वर्षं बंद आहे. सिएटलचं सीडर नदीचं खोरं पण बंद. आर्काटामध्ये लोक रोज फिरतात. तुमच्याकडे शुद्धीकरण किती मजबूत आहे त्यावर ठरवा, आणि सोडलंत तर पाणी उचलायच्या जागेपासून लांब सोडा. एक मात्र आहे, पूर्ण बंद ठेवलेल्या जंगलासाठी मत मागायला गेलात की अर्धे लोक विचारतात, कुठलं जंगल?

प्रश्न : आमच्या पाणी समितीकडे पैसे थोडेच आहेत. सगळा पाणलोट घेणं अशक्य. कुठून सुरुवात करू?

सगळा लागतही नाही. पाणलोटातली प्रत्येक एकर जमीन पाण्याच्या दृष्टीने सारखी नसते. आधी पाणी उचलायच्या ठिकाणच्या लगत वरचा भाग, मग ओढ्याच्या दोन्ही काठांचा पट्टा, मग तीव्र उतार आणि जिथे पूर्वी दरड आलीय त्या जागा, झरे आणि दलदली, आणि वर सांगितलं तसं जुन्या रस्त्यांनी ओढा ओलांडलेल्या जागा. बाकीच्या सपाट, दूरच्या जमिनीसाठी मालकाशी करार करा, जमीन त्याचीच राहील, फक्त साफ तोड नाही, काठावर फवारणी नाही, एवढं लिहून घ्या आणि त्याचा मोबदला द्या. करार जमिनीला चिकटलेला हवा, माणसाला नाही, नाहीतर मालक बदलला की तुम्ही परत शून्यावर.

आणि खरेदीच्या पैशातच दरवर्षीच्या देखभालीचे पैसे वेगळे काढून ठेवा, मी वाचलेल्या बऱ्याच प्रकरणांत लोक घेताना जोरात असतात आणि तिसऱ्या वर्षी गेटच्या कुलपाला पण पैसे नसतात.

पण या सगळ्याच्या आधी, अगदी उद्यापासून, एक फुकटातलं काम करा. ओढ्याला वरून येऊन मिळणाऱ्या प्रत्येक फाट्यावर एकेक माणूस ठरवा, आणि जोराचा पाऊस चालू असताना, थांबल्यावर नाही, चालू असताना, प्रत्येकाने आपल्या फाट्याची एक पारदर्शक बाटली भरून आणायची, वर तारीख, वेळ, जागा लिहायची. सगळ्या बाटल्या एका फळीवर ओळीने लावा. पाच-सहा पावसांनंतर गाळ कुठल्या फाट्यातून येतोय ते डोळ्यांना दिसेल, आणि मला पत्र लिहिणारे ते निवृत्त गृहस्थ किंवा त्यांच्यासारखं कोणी तुमच्याकडे असेल तर त्यांना बोलवा, ते बाटली हलवून बघूनच सांगतील की ही माती शेतातली, रस्त्यावरची की काठ ढासळलेली. मग त्या फाट्याच्या वर चालत जा.